झांकण काढलें, पुढें काय?

या सदरांत घरांतल्या वस्तूंविषयीं आम्ही दरमहा चार शब्द लिहीत असतों. भिंतीवरचें घड्याळ, शिवणाचें यंत्र, पाण्याचा पंप यांच्या पंक्तीस आज संगणक येऊन बसत आहे. हा विषय म्हाताऱ्या संस्कृत मास्तराच्या अधिकाराबाहेरचा आहे असें कित्येक वाचकांस वाटेल, व तें खरेंहि आहे. परंतु ज्या वस्तूपायीं घरांत तीन दिवस जेवणाखेरीज कांहींच वेळेवर झालें नाहीं, तिजविषयीं बोलण्याचा अधिकार घरच्या वडील माणसास आपोआप येतो.

नागपूरच्या उन्हाळ्याची ओळख नागपुरकरांस करून देण्याचें कारण नाहीं. बाहेरगांवच्या वाचकांसाठीं एवढेंच सांगतों कीं, २३ मे २०१३ रोजीं येथें ४७.९ अंश सेल्सिअस तपमान नोंदलें गेलें. नवतपांत दुपारीं कूलर चालू असूनहि आमच्या माडीवरील पश्चिमेच्या खोलींतला पारा पस्तिशीच्या खालीं उतरत नाहीं, आणि नेमका त्याच खोलींत आमचा संगणक असतो. पुण्यास नोकरीस असलेल्या पुतण्यानें त्याच २०१३ सालीं सुटे भाग आणून तो स्वतःच्या हातानें जुळविला होता. पुढें नवा घेतल्यावर हा त्यानें घरीं पाठवून दिला. त्यावर सूनबाई सकाळसंध्याकाळ ऑनलाइन शिकवणी घेतात, आमचे धाकटे बंधु घराचा जमाखर्च लिहितात, आणि उरलेला सर्व वेळ तो आमच्या नातवाचा असतो. नातू यंदां बारावीची परीक्षा देऊन अभियांत्रिकीच्या प्रवेशाची वाट पाहत बसला आहे.

मे महिन्यांतल्या एका सकाळीं सूनबाईंनीं बटण दाबलें. पंखे फिरले, दिवे लागले, पण पडद्यावर कांहीं उमटेना. वर्ग आठ वाजतां सुरू व्हावयाचा. मुलें आपापल्या घरीं वाट पाहत बसलेलीं. सूनबाईंनीं मोबाइलवरून वर्ग कसाबसा उरकला, आणि घरांत ज्याचें त्याचें निदान सुरू झालें. धाकटे बंधु म्हणाले, रात्रीं वीज गेली होती, ती परत येतांना झटका बसला असणार. आमच्या सौभाग्यवतींच्या मतें सर्व दोष खोलींतल्या धुळीचा. बाजारांतून एक कारागीर बोलाविला. त्यानें पेटीचें दार पुरतें न उघडतांच "मदरबोर्ड गेला" असा निकाल दिला, आणि इतका जुना भाग आतां मिळत नाहीं, सबब सगळेंच नवें घ्या, असें सांगून चाळीस हजारांचा आंकडा ऐकविला. या घोळांत दोन दिवस गेले.

नातू मात्र या चर्चेंत एक शब्द बोलला नाहीं. एरवीं संगणकाचें नांव निघतांच पुढें धांवणारा मुलगा आमरसाची वाटी तशीच ठेवून पानावरून उठला, तेव्हां आम्हीं मनाशीं खूणगांठ बांधली. विचारलें मात्र नाहीं.

दुसऱ्या रात्रीं गच्चीवर अंथरूण टाकून पडलों होतों. जिन्यांत पाय वाजले.

"आबा, झोपलात कां?"

"नाहीं रे. ये, बस."

बराच वेळ तो उशाशीं बसून राहिला. मग म्हणाला, "आबा, मदरबोर्ड गेला नाहीं. मीं प्रोसेसरचें झांकण काढलें."

"झांकण म्हणजे?"

"वरची धातूची टोपी. फार गरम होत होता, म्हणून. परवां रात्रीं, सगळे झोपल्यावर."

"मग दोन दिवस बोलला कां नाहींस?"

"मागच्या वर्षीं मीं मिक्सर खोलला, तेव्हां तुम्ही काय म्हणालां होतां, आठवतें?"

आम्हांस आठवत होतें. तें येथें छापावें असें नव्हतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. सारें घर दोन दिवस भलत्याच जागीं शोध करीत होतें, कारण ज्याला खरी हकीकत ठाऊक होती त्याचें तोंड आम्हींच वर्षापूर्वीं बंद करून ठेविलें होतें. छत्तीस वर्षांच्या शिक्षकींत आम्हीं वर्गांत खोडरबर कधीं चालूं दिला नाहीं. चुकलेलें उत्तर एका रेघेनें खोडावें, खालचें वाचतां आलें पाहिजे, असा आमचा दंडक. कारण चूक कोठें सुरू झाली हें दिसल्यावांचून मास्तरानें शिकवावें तरी काय? शाळेंत पाळलेला हा दंडक घरीं मात्र आम्ही विसरलों होतों.

सकाळीं स्नानसंध्या आटोपून नातवापुढें एक कोरी वही ठेविली. "काय काय केलेंस तें क्रमानें लिही. चुकलेलेंहि लिही. खोडावयाचें झालें तर एकच रेघ." त्या वहींतून आम्हांस जें समजलें तें असें.

आपण ज्या सबंध पेटीला 'सीपीयू' म्हणतों, तिच्या आंत खरा प्रोसेसर एखाद्या चौकोनी बिस्किटाएवढा असतो. आमचा म्हणजे इंटेलचा कोअर आय-७ ४७७०के, जून २०१३ मध्यें बाजारांत आलेला. हिरव्या पाटीच्या मध्यभागीं १७७ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा, सिलिकॉनचा तुकडा. त्यावर सुमारें १४० कोटी ट्रान्झिस्टर. हा इवलासा तुकडा भर कामांत सुमारें ८४ वॅट उष्णता बाहेर टाकतो. हजार वॅटच्या इस्त्रीचा तवा सुमारें दोनशें चौरस सेंटिमीटरांचा धरला, तर एका चौरस सेंटिमीटरामागें पांच वॅट पडतात. येथें पंचेचाळिसाहून अधिक पडतात. ही उष्णता क्षणोक्षणीं काढून नेली नाहीं, तर १०० अंशांच्या सुमारास प्रोसेसर जीव वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच कमी करतो. पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसविलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकाची उष्णता तर वाहत्या द्रवानें काढून न्यावी लागते.

सिलिकॉनच्या तुकड्यावर तांब्याचें, निकेलचा मुलामा दिलेलें झांकण असतें. उष्णता तुकड्यांतून झांकणांत, व झांकणांतून वर बसविलेल्या पंख्याच्या कूलरमध्यें जाते. (संगणकवाले त्यालाहि कूलरच म्हणतात; मात्र त्यांत वाळा नसतो.) २०११ सालच्या इंटेलच्या प्रोसेसरांत तुकडा व झांकण यांमध्यें डांक भरलेला असे. २०१२ सालापासून घरगुती प्रोसेसरांत डांकाऐवजीं मलमासारखी पेस्ट आली, आणि तपमान चढूं लागलें. त्याच वर्षीं जपानांतील 'पीसी वॉच' या नियतकालिकानें झांकण काढून, पेस्ट बदलून तपमान बरेंच उतरतें असें दाखविलें. तेव्हांपासून जगभरच्या हौशी मंडळींत झांकण काढण्याची लाट आली. नुसती पेस्टच वाईट होती असें नव्हे. झांकण हिरव्या पाटीस ज्या काळ्या गोंदानें चिकटविलेलें असतें, त्याच्या थरामुळें तें सिलिकॉनपासून केंसभर वर उचललेलें राहतें, व त्या फटींत पेस्टचा थर जाड होतो. फट हवेची असेल तर विचारूंच नये. तांब्याच्या मानानें हवा उष्णता वाहून नेण्यांत सुमारें पंधरा हजार पटींनीं मंद आहे.

नातवानें दाढीच्या पात्यानें तो गोंद कापून झांकण उचललें, आणि पेस्टच्या जागीं द्रवधातु लाविला. हा गॅलियम, इंडियम व कथील यांचा मिश्रधातु. तो हिंवाळ्यांतहि पाऱ्यासारखा वाहता राहतो. गॅलियमचें नांव वहींत वाचतांच आम्हीं चष्मा सरसावला. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यानें १८७१ सालीं, अद्याप कोणीं न पाहिलेल्या या धातूचें भविष्य वर्तविलें, आणि ॲल्युमिनियमच्या खालचें एक घर म्हणून त्याला 'एक-ॲल्युमिनियम' असें नांव दिलें. त्यांतलें 'एक' हें आपल्या संस्कृतांतलें! हें ऐकून नातवाच्या तोंडावर दोन दिवसांत प्रथमच हंसूं आलें.

आतां शोध. तर्कशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक असे दोन शब्द आहेत. कारण असतां कार्य दिसतें, हा अन्वय. कारण काढून घेतलें असतां कार्य दिसत नाहीं, हा व्यतिरेक. त्यांवरून दोन नियम ठरविले: एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि वहींत लिहिल्यावांचून दुसरीला हात लावावयाचा नाहीं. वारंवार बटण दाबून पाहणेंहि बंद केलें. आंत कोठें धातु सांडला असेल तर प्रत्येक दाबण्यागणिक नुकसान वाढण्याचा संभव.

जें सोपें व बाहेरचें तें आधीं. प्रोसेसरला वीज देणारी वेगळी जोडणी असते. ती लावावयाची राहिली तर पंखे फिरतात पण चित्र येत नाहीं, नेमकें आमच्यासारखें. ती लागलेली होती. मेमरीच्या पट्ट्या काढून एकेक लावून पाहिली; फरक नाहीं. जुन्या नोंदी पुसण्यासाठीं मदरबोर्डावरील नाण्याएवढा सेल कांहीं मिनिटें काढून ठेविला, फरक नाहीं. मग प्रोसेसर बाहेर काढला. त्याच्या खालच्या सॉकेटांत ११५० बारीक सोनेरी कांटे असतात. त्यांतला एक वाकला तरी घोटाळा. पोथी वाचण्याचें आमचें भिंग व विजेरी घेऊन दोघांनीं ते ओळीओळीनें तपासले. सर्व सरळ होते. प्रोसेसरच्या पाठीवर मात्र बोटांचे तेलकट ठसे होते, ते पुसून टाकले.

पुढचा प्रश्न, दोष मदरबोर्डांत कीं प्रोसेसरांत? नातवाच्या एका मित्राकडे त्याच सॉकेटांत बसणारा जुना, स्वस्त पेंटियम होता. तो आणून बसविला, आणि पडद्यावर चित्र आलें! कारागिराचा निकाल अशा रीतीनें रद्द झाला. चाळीस हजारांचें संकट टळलें, पण नातवाचा चेहरा उतरला; कारण दोष आतां निश्चितपणें त्याचा हात लागला होता तेथेंच होता. आम्ही म्हणालों, "वहींत लिही. शोध अर्धा झाला."

झांकण पुन्हां उचललें. प्रथम हिरव्या पाटीवर पात्याचे ओरखडे पाहिले. पातें खोल गेलें असतें तर आंतील तारा तुटून गोष्ट तेथेंच संपली असती. ओरखडा एकच होता, तोहि वरवरचा. मग भिंग सिलिकॉनच्या कडेला नेलें. या जातीच्या प्रोसेसरांत तुकड्याच्या शेजारींच मोहरीहून बारीक अशा विद्युत्-घटकांची एक रांग असते. त्या रांगेवर रुपेरी धातूचा एक ओघळ आडवा पडलेला दिसला. पेस्टमधून वीज वाहत नाहीं, द्रवधातूंतून वाहते. एका थेंबानें दोन टोकें जोडलीं गेलीं, आणि सारें यंत्र मुकें झालें.

उपाय साधा, पण सावकाशीचा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल स्पिरिट घेऊन ओघळ टिपून काढला. पुसला असतां तो पसरतो. जुना काळा गोंद प्लॅस्टिकच्या कार्डानें खरवडून पुरता साफ केला. पाटी वाळल्यावर त्या बारीक घटकांवर विद्युत्-रोधक लेप पाहिजे होता. जाणकार मंडळी त्यासाठीं बिनरंगी नेलपॉलिश वापरतात. तें सूनबाईंच्या पेटींत होतें. मागावयास नातू स्वतः गेला, आणि कशासाठीं हवें तेंहि त्यानें स्वतःच सांगितलें. सूनबाईंनीं क्षणभर त्याच्याकडे पाहिलें आणि बाटली हातांत दिली. दोन हात लेप दिला, तो वाळला, मग साबुदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा धातु सिलिकॉनवर आरशासारखा पातळ पसरला, आणि झांकण बसवून प्रोसेसर जागेवर ठेविला. बटण सूनबाईंकडूनच दाबविलें. चित्र आलें.

परंतु सोळा जीबी मेमरीपैकीं आठच दिसूं लागली. "एक पट्टी जळली," नातू घाईनें म्हणाला. आम्हीं वही पुढें सरकविली. पट्ट्यांची अदलाबदल केली तेव्हां दोन्ही पट्ट्या चांगल्या निघाल्या. त्या एका बाजूच्या खांचांतच उमटत नव्हत्या. मेमरीचा कारभार प्रोसेसरच पाहतो. तेव्हां त्याच्या पाठीखालचे कांहीं कांटे नीट टेंकत नसावेत असें अनुमान निघालें. कूलरचा एक स्क्रू गच्च, समोरचा सैल, असें आढळलें. चारहि सैल करून समोरासमोरचे थोडेथोडे आंवळले, मोटारीच्या चाकाचे नट आंवळतात तसे. सोळा जीबी परत आली.

तपमान मोजतांना आणखी एक मौज झाली. नातवानें पहांटे पांचाला मोजून "तीस अंश उतरलें" असा पुकारा केला. आधींचें माप दुपारीं तीनचें होतें! खोली जितकी तापलेली, तितकें प्रोसेसरचें तपमानहि वर सरकतें, हें तो विसरला. त्याच खोलींत, त्याच वेळीं, तेंच काम देऊन पुन्हां मोजलें, तेव्हां पूर्वींचे ९६ अंश ७७ वर आले होते. एकोणीस अंशांचा लाभ. तीस नव्हे, पण खरा.

मापाविषयींचा हा संशय फार मोलाचा आहे. ३० मे २०२४ रोजीं आमच्या नागपुरांतील एका स्वयंचलित केंद्रानें ५६ अंश तपमान दाखविलें व देशभर खळबळ उडाली. पुढें हवामान खात्यानें तें संवेदकाच्या बिघाडामुळें असल्याचें सांगितलें. उलट, १८७५ सालीं फ्रान्समध्यें ब्वाबोद्राँ यानें प्रत्यक्ष गॅलियम शोधून काढलें व त्याची घनता ४.७ भरल्याचें जाहीर केलें, तेव्हां धातु डोळ्यांनीं न पाहिलेल्या मेंडेलीव्हनें ती ५.९ च्या सुमारास असली पाहिजे असें कळविलें. नमुना शुद्ध करून पुन्हां मोजल्यावर ती ५.९ च निघाली. ब्वाबोद्राँनें पहिला आंकडा लपविला नाहीं, म्हणूनच दुसरा मिळाला.

हें वाचून आमच्या तरुण वाचकांनीं पातें हातांत घेऊं नये. झांकण काढतांच कंपनीची हमी संपते. इंटेलनें २०१८ च्या आय-९ ९९००के पासून वरच्या प्रोसेसरांत पुन्हां डांक भरण्यास सुरुवात केली, आणि एएमडीच्या २०१७ पासूनच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांतहि तो असतो. तेथें झांकण ओढलें तर सिलिकॉनच फुटण्याची भीति. द्रवधातु ॲल्युमिनियमला खाऊन टाकतो, म्हणून ज्या कूलरचा तळ ॲल्युमिनियमचा असेल त्याच्याशीं त्याचा स्पर्श होऊं देऊं नये. आणि संगणक तापतो म्हणून तक्रार असेल तर प्रथम पंख्यांतली धूळ झाडावी, कूलरखालची वाळलेली पेस्ट बदलावी, आणि पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवावी. आमच्या सौभाग्यवतींचें धुळीचें निदान अगदींच टाकाऊ नव्हतें. तीन वर्षांची धूळ आम्हांस त्या पंख्यांत सांपडली.

सूनबाईंचा वर्ग आतां पूर्ववत् आठ वाजतां भरतो. नातवाची वही संगणकाशेजारीं दोऱ्यानें बांधून ठेविली आहे; धाकट्या बंधूंनीं पहिल्या पानावर खर्चहि मांडला, तो स्पिरिटसुद्धां तेराशें रुपये भरला. मात्र मागच्या वर्षीं उघडलेला मिक्सर अद्याप माळ्यावर पडून आहे. त्या वेळीं तो दुरुस्त होण्याच्या किती जवळ आला होता, हें आम्हीं विचारलेंच नव्हतें. येत्या रविवारीं तो खालीं काढावयाचा आहे. वहीचें नवें पान नातवानें आंखून ठेविलें आहे. त्यावरचें पहिलें वाक्य आम्ही लिहिणार आहों, आणि तें आम्हीं त्या दिवशीं काय बोललों त्याविषयींचें असेल.